गुरनुले सरांची दोन वेळची दुर्बीण

गुरनुले सर सदरा घ्यायला दुकानात गेले की तो त्यांना दोनदा पाहावा लागे. एकदा दुपारी, दुकानाच्या बाहेर उन्हात धरून. आणि दुसऱ्यांदा दिवे लागल्यावर, आत बल्बखाली. मधल्या तासांत दुकानदाराने तो दुसऱ्याला विकू नये म्हणून सर सदऱ्याच्या खोक्यावर स्वतःची टोपी ठेवून जात. बाजारात कोणत्या दुकानात सरांची टोपी आहे, यावरून सर आज काय घेणार आहेत ते गावाला कळायचं.

"दिवसाचं अन् रातचं, दोनी पाह्यल्याबिगर वस्तू घ्या नाई, सर," असं त्यांनी मला ओळख झाली त्याच दिवशी सांगितलं. मी तेव्हा अमरावतीकडून नुकताच बदलून आलो होतो. नागभीडहून सायकलने तासाभराच्या अंतरावर एका मोठ्या तलावाच्या काठी गाव होतं, आणि त्या गावच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. गुरनुले सर चित्रकलेचे. हिरामण गुरनुले. उंच, किडकिडीत, आणि नखांत कायम कोणता तरी रंग. त्या रंगावरून वार ओळखता येतो, असं पोरं म्हणत.

त्यांच्या या दोन वेळच्या वेडाला एक कारण होतं. शाळा ही त्यांची नोकरी, पण त्यांचा जीव होता नाटकाच्या पडद्यांत. दिवाळीनंतर आमच्या त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतं. राजवाडा, जंगल, गावातला रस्ता, चांदणी रात्र, असे पडदे सर रंगवत. रंगवायचे दिवसा, दिसायचे रात्री. "दिवसा जे ऊन वाटते न, तेच हॅलोजनखाली कावीळ झाल्यावानी दिसते," ते म्हणायचे. हळूहळू पडद्याचा नियम त्यांनी छत्रीला लावला, सायकलच्या सीटला लावला आणि भोपळ्यालाही लावला.

बायकोलासुद्धा लावला होता. हे मला शेवंतावहिनींनीच सांगितलं. "मले दुपारी पाह्यले आले. पोहे खाल्ले, गेले. दिवे लागनीले पुन्हा दारात उभे, हातात कंदील! माह्या बापाले वाटलं, काही विसरले अशीन."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय! मी त्याहिच्या हातचा कंदील घेतला अन् त्याहिच्याच तोंडासमोर धरला. म्हटलं, मीबी पाह्यतो एकदा."

सर शेजारी बसून भजी खात होते. ते म्हणाले, "दोनी वेळा चांगलीच दिसली," आणि पुढचं भजं उचललं.

या पडद्यांपायीच त्यांचं सख्ख्या धाकट्या भावाशी बोलणं बंद झालं होतं. भाऊ वासुदेव तलावाच्या पलीकडच्या काठाला राहायचा. धानाची शेती करायचा आणि मंडईच्या नाटकात नायक व्हायचा. मी गावात येण्याच्या काही वर्षं आधीची गोष्ट. नाटकात वासुदेव नायक, आणि विंगेत वही घेऊन त्याला वाक्यं पुरवायला हिरामण सर. तिसऱ्या अंकात सरांनी रंगवलेला चंद्रोदयाचा नवा पडदा पहिल्यांदा लागला. नेमका तिथेच वासुदेव वाक्य विसरला. त्याने विंगेकडे पाहिलं. सर तिथे नव्हते. ते वही बगलेत मारून प्रेक्षकांत जाऊन उभे होते, चंद्र लांबून कसा दिसतो ते पाहायला! वासुदेव उभाच राहिला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, पोट्ट्यांनी ओरडून ओरडून त्याचा तमाशा केला. नाटक संपल्यावर मेकअपसकट तो सरांसमोर आला आणि चारचौघांत म्हणाला, "तुले भाऊ पाह्यजे होता का पडदा, ते सांग." तेव्हापासून अबोला. वासुदेवचं नाव कोणी काढलं की सर उठून बाहेर जात. म्हणून त्यांच्यासमोर ते कोणी काढत नसे.

आता दुर्बिणीकडे येतो.

ज्या वर्षी शेपटीचा तारा दिसला, त्या वर्षी सारं गाव संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जमायचं. सर एका संध्याकाळी माझ्या कानाशी लागले. "विज्ञानाचे तुमी हाय. दुर्बीण कोणती घ्याव?"

मी विज्ञान शिकवतो म्हणजे मला दुर्बिणीतलं कळतं असा त्यांचा समज होता. मला पुस्तकातल्या दोन आकृत्या माहीत होत्या. तेवढ्या भांडवलावर मी त्यांना सांगितलं, "ताऱ्यांसाठी आरशाची बरी. जाड नळी, तळाला खोलगट आरसा. तेवढ्याच किमतीच्या भिंगाच्या दुर्बिणीपेक्षा उजेड जास्त गोळा करते." सरांना पटलं. उन्हाळाभर ते आरशाच्या दुर्बिणीबद्दलच बोलत होते. तिची तिपाई कशी असेल याची चित्रंसुद्धा त्यांनी फळ्यावर काढून ठेवली.

पोळा झाला आणि एक दिवस ते मधल्या सुट्टीत येऊन म्हणाले, "आरशाची क्यान्सल. दिवसाचं पन दिसलं पाह्यजे."

मला आश्चर्य वाटलं नाही. सदऱ्याचा आणि भोपळ्याचा नियम दुर्बिणीला लागला, इतकंच मी समजलो. "दिवसा दिसेल की," मी म्हटलं, "फक्त उलटं दिसेल."

"उलटं म्हंजे?"

"म्हणजे माणसाचं डोकं खाली, पाय वर. ताऱ्याला वर-खाली काही नसतं, म्हणून रात्री चालतं."

सरांचा चेहरा असा झाला की जणू मीच त्या माणसाला उलटा टांगला होता. "नाई चालन," ते म्हणाले. "मानूस सरळ दिसला पाह्यजे."

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नागपूरला गेलो. नागभीडहून छोटी गाडी धरली. ती गाडी इतकी निवांत चालायची की वाटेत एक गृहस्थ लघवीला उतरले आणि मागच्या डब्यात चढून आपल्या जागेवर परतले. नागपुरात शाळांना प्रयोगाचं सामान विकणारं एक दुकान होतं. मालक वयस्कर आणि सज्जन. त्यांनी आधी आरशाची दुर्बीण दुकानाच्या दारात लावून रस्त्याकडे फिरवली. डोळा लावायची जागा नळीच्या बाजूला. सर वाकले.

"अरे बापा! पानठेला आभाळातून लटकून राह्यला. अन् मी पाहतो इकडे, दिसते तिकडलं. दिवसभर मान मोडन मानसाची."

मग भिंगाची आणली. लांब, पातळ नळी, एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला डोळा. तीही उलटंच दाखवत होती. मालकांनी डोळ्याकडच्या टोकाला एक कोनाचा आरसा बसवला. "आता पाहा. सरळ झालं."

सरांनी बराच वेळ पाहिलं. समोरच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी बोट हवेत फिरवून वाचायचा प्रयत्न केला. "सरळ झालं, पन डावं-उजवं बदललं. पाटी आरशात पाह्यल्यावानी दिसून राह्यली."

"साहेब, त्यानं काय बिघडतं? पक्षीच पाहणार ना तुम्ही? पक्षी डावीकडून उडाला काय अन् उजवीकडून काय."

"बिघडते," सर म्हणाले. "उजवा हात उजवाच दिसला पाह्यजे."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. चित्रकार माणूस, नजर चोख असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

शेवटी मालक माळ्यावर चढले आणि एक डबी घेऊन उतरले. तिच्यात काचेचा लोलक होता. तो डोळ्याच्या टोकाला बसवला की वरचं वर, खालचं खाली, डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे. "थोडा उजेड खातो हा," ते म्हणाले. "रात्री काढून ठेवा, दिवसा लावा. आणि दिवसा फार मोठं करून पाहू नका. ऊन तापलं की हवा थरथरते, पाण्यावर तर जास्तच. सकाळी पाहा."

सरांनी डोळा लावला. रस्त्यापलीकडे एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता. "उजव्या हाताने करून राह्यला," सर हळूच म्हणाले. मग त्यांनी डोकं वर केलं आणि चक्क टोपी काढून दुर्बिणीवर ठेवली. "आता रातीले येतो."

रात्री खरंच गेलो. दुकान बंद होण्याच्या बेताला मालकांनी फुटपाथवर दुर्बीण मांडली आणि सरांनी चंद्र पाहून पसंती दिली. परतीच्या गाडीत सर नळी मांडीवर आडवी घेऊन बसले होते. "तान्हं बाळ हाय का?" एका बाईने विचारलं, तर हो म्हणाले.

सरांच्या घराला एकाच खोलीवर स्लॅब होता, तलावाकडच्या. तिथे तिपाई उभी राहिली. संध्याकाळी शाळेची पोरं, त्यांचे आईबाप, सगळे जिना चढून येऊ लागले. गुरूचे चार चंद्र पाहून पोस्टमन म्हणाला, "एवढे चंद्र! तिथं अमावास्या कशी मोजत असतीन?" शनीची कडी पाहायला एक म्हातारी काही केल्या डोळा लावेना. "नको बापा. मी त्याले पाह्यलं अन् त्यानं मले पाह्यलं तं?" सर तिला समजावत, "आजी, ही इकडूनच दिसते, तिकडून नाई." त्या दिवसांत सर इतके खुशीत असायचे की वर्गात पोरांनी काढलेल्या वाकड्या घागरींनाही ते 'छान' म्हणत.

पण सकाळी स्लॅबवर ते एकटेच असत. सूर्य वर आला की तासभर, शाळेला निघेपर्यंत, लोलक लावून. वहिनींनाही वर यायची परवानगी नव्हती. आणि त्यातून घोटाळा झाला.

तलावाच्या आमच्या काठाला, सरांच्या घरापासून जवळच, बायकांचा घाट होता. सकाळी बायका तिथे कपडे धुवायच्या, अंघोळी करायच्या. स्लॅबवर गुरनुले सर, डोळ्याला दुर्बीण, तोंड तलावाकडे. आठ-पंधरा दिवसांत कुजबुज सुरू झाली. मग काही बायकांनी घाटच बदलला. एक दिवस मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावून दार लोटलं. "तुमचे दोस्त आहेत. सांगा त्यांना. माझ्याकडे लोक आले होते. उद्या मोठ्या साहेबांपर्यंत गेलं तर नोकरीवर येईल."

मी त्याच दिवशी सरांना गाठलं. "सकाळी काय पाहता हो तुम्ही?"

"पक्षी."

"कोणते?"

त्यांनी विचार केला. "पांढरे."

"सर, लोक वाईट बोलताहेत. निदान सकाळी तरी बंद करा."

त्यांचे कान लाल झाले. लोक काय बोलतात ते त्यांना ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. "मी तसा मानूस हाय का, सर?"

"नाही. म्हणून तर म्हणतो, काय पाहता ते सांगून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून पाहिलं, तर स्लॅबवर ते होतेच.

गावच्या नाटक मंडळाने पुढच्या नाटकाचा पडदा दुसऱ्याकडून करवून घ्यायचं ठरवलं. शाळेत दोन मुलींच्या बापांनी चित्रकलेच्या तासाला मुलींना पाठवणं बंद केलं. शेवंतावहिनी पाणी भरायला गेल्या की विहिरीवरच्या बायका गप्प होत. त्या मला म्हणाल्या, "मी विचारून विचारून थकली. जेवत नाईत, पन दुर्बीण सोडत नाईत."

शेवटी एका रविवारी सकाळी रामटेकेबाई आल्या. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या, अंगणवाडीही चालवायच्या. राहायच्या तलावापलीकडच्या वस्तीत. आवाज असा की पाळीवरून हाक मारली तर दोन्ही काठांची पोरं घरी पळत. त्यांच्याबरोबर घाटावरच्या दोघी बायका आणि मुख्याध्यापक. मलाही बोलावलं. आम्ही जिना चढून वर गेलो. सर दुर्बिणीपाशी होते. आम्हाला पाहून ते नळी फिरवायला गेले, तोच बाई ओरडल्या, "हात नका लावू, सर! जशी हाय तशीच पाहीन मी."

सर बाजूला झाले आणि कठड्याला धरून उभे राहिले. बाईंनी पदर खोचला, चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि डोळा लावला.

खाली घाटावर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. दुर्बीण घाटाच्या बऱ्याच वरून, सरळ पलीकडच्या काठाला रोखलेली होती.

"हा तं वासुदेव होय," बाई म्हणाल्या.

सरांनी मान खाली घातली.

पोळ्याच्या आधी वासुदेवला लकवा मारला होता. ही बातमी आम्हा सगळ्यांना माहीत होती. उजवी बाजू गेली होती, महिनाभर तर तो खाटेवरून उठला नव्हता. पण सरांसमोर वासुदेवचं नाव काढायचं नसे, म्हणून ते आम्ही त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांना कळलं कुठून, कोण जाणे.

"अंगनात चालून राह्यला," बाई डोळा न काढता म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच झाला होता. "काठी घेऊन."

सरांनी खाली पाहतच विचारलं, "कोणत्या हातात हाय काठी?"

"उजव्या."

"नीट पाहा, बाई. काठी डाव्या हातात असते त्याची."

"मले उजवा-डावा समजत नाई का? उजव्या हातात हाय."

सर दोन ढांगांत आले आणि त्यांनी बाईंना अक्षरशः बाजूला सारलं. डोळा लावला. "उजव्यातच हाय," ते म्हणाले. "कालपर्यंत डाव्यात होती. धरली, सर! उजव्या हाताने धरली त्यानं!" आणि ते माझा दंड धरून हलवू लागले.

नागपूरच्या दुकानातलं त्यांचं हट्टाने बोलणं मला आत्ता उमगलं. मी रामटेकेबाईंकडे पाहिलं. त्यांनी चष्मा माझ्याकडून घेतला, पण डोळ्यांवर चढवला नाही.

मग सर बोलायला लागले. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. आधी त्याला दोघं धरून दारापर्यंत आणायचे. मग भिंतीला धरून एकटाच यायला लागला. एकदा पडला, तेव्हा सर इकडे स्लॅबवरून ओरडले होते. मग चिंचेच्या झाडापर्यंत. मग झाडाला फेरी मारून परत. डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं असावं, कारण रोज याच वेळेला निघतो.

"सर, तुमी सांगतलं काऊन नाई?" घाटावरची एक बाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "आमी काय काय बोललो तुमाले!"

"काय सांगू? भावाले पाहतो म्हनू? लोक म्हनतीन, मंग जाऊन पाहा ना."

"मग गेला का नाहीत?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

सरांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "मले पाहून तो उठून घरात गेला तं? आता कुठी बाहेर यायले लागला, साहेब. माह्यापायी त्याचं चालनं बंद पडू नये."

रामटेकेबाई जिना उतरून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तर शेवंतावहिनींचा निरोप आला, असाल तसे या. मी अर्ध्या दाढीने पोचलो. वहिनी स्लॅबवर होत्या. सर दुर्बिणीला डोळा लावून, एका हाताने तिला हळूहळू वळवत होते.

"चिंचेच्या पुढं आला," ते म्हणाले. "पाळीवर चढला. अरे, हा येऊन कुठी राह्यला?"

रामटेकेबाईंनी पलीकडे जाऊन सांगितलं होतं, हे उघड होतं. वासुदेव पाळीवरून इकडे चालत येत होता. एक पाय ओढत, थांबत, पुन्हा निघत. मागे थोड्या अंतरावर त्याची बायको, त्याला न धरता. नुसत्या डोळ्यांनी मला दोन ठिपके दिसत होते. सर भिंग मागेपुढे करत राहिले.

"दाढी नाई केली त्यानं," ते म्हणाले. मग, "बारीक झाला लय." मग, "इकडेच पाहून राह्यला." आणि मग त्यांनी डोळा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दिसत नाई नीट. भिंगावर वाफ आली का पाहा ना, सर."

भिंग कोरडं होतं.

"अहो, जा ना!" वहिनी म्हणाल्या. "तो अर्धा आला. अर्धं तुमी जा."

सर जिन्यावरून असे उतरले की मला वाटलं आता यांचाच पाय मोडणार. अनवाणी, बनियनवर. पाळीवरून धावत जाताना त्यांच्या लांब हातांना कुठे जायचं ते कळत नव्हतं.

मी दुर्बिणीला डोळा लावला. दोघं एकमेकांसमोर थांबले. मग वासुदेवची काठी घसरली आणि सरांनी त्याला काखेत धरलं. दोघं तिथेच पाळीवर खाली बसले, तलावाकडे तोंड करून.

"काय बोलून राह्यले?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, दुर्बिणीत ऐकू येत नाही."

"सरका. मले पाहू द्या." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या दुर्बिणीला डोळा लावला. पाहता पाहता त्या हसायला लागल्या आणि पदराने नाक पुसायला लागल्या. "वासुदेव हात दाखवून राह्यला. बोटं उघडते, मिटते. अन् आमचे हे एक एक बोट धरून पाहून राह्यले, बाजारात भेंडी पाहावं तशे."

मी पुन्हा पाहायला पुढे झालो, पण वहिनींनी नळीचं झाकण उचललं आणि भिंगावर दाबून बसवलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "आता बोलू द्या त्याहिले. अन् तुमी दाढी पुरी करून या, सर. दोघं जेवायलेच येतीन."